काटकसर कुणाच्या जीवावर?

२०२५ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा आठवा. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा सगळ्या मोठ्या विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले होते. माणसे जमिनीवर झोपली होती. कुणी लग्नाला निघालेले, कुणी परीक्षेला, कुणी मयतीला. देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीची, म्हणजे इंडिगोची, शेकडो उड्डाणे रोज रद्द होत होती. ५ डिसेंबर या एका दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांचा आकडा हजाराच्या वर गेला. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी दिवसरात्र तेच दाखविले. त्याच दोन दिवसांत दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसे आली. ती रेल्वेच्या जनरल डब्यात दाराला लटकून आली, संडासाच्या बाजूला बसून आली. त्यांच्या प्रवासाची बातमी कुणी केली नाही. ती दरवर्षीचीच गोष्ट. आपल्या देशात गैरसोय कुणाची झाली यावर ती बातमी होते की नाही हे ठरते.

पण आज आम्हाला प्रसारमाध्यमांवर लिहायचे नाही. विमानाबद्दलच लिहायचे आहे. काही वाचक विचारतील, विमानाशी आपला काय संबंध? ज्याच्या गावाला एसटी धड येत नाही त्याने विमानातल्या सीटची चिंता का करावी? हा प्रश्न आम्हाला मान्य आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

पहिली गोष्ट, आपला माणूस आता विमानात बसतो. पुण्या-बंगळूरला नोकरी करणारा आपला मुलगा, दिल्लीला विद्यापीठात शिकणारी आपली मुलगी, आखातात गवंडीकाम करणारा मजूर, मुंबईला कर्करोगाच्या उपचारासाठी आईला घेऊन येणारा शिक्षक हे सगळे आता कधी ना कधी विमानात बसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जो विमानात बसत नाही, तो विमानाच्या खाली उभा असतो. बॅगा चढविणारा लोडर, विमानाच्या संडासाची टाकी रिकामी करणारा कामगार, विमानतळाची फरशी पुसणारी बाई, ट्रॉल्या गोळा करणारा पोरगा. हे कोण आहेत, कुठल्या वस्तीतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. तेव्हा कंपनी जेव्हा खर्च कमी करते, तेव्हा वर बसलेला आणि खाली उभा असलेला, दोघांचेही हाड मोडते. म्हणून हा विषय आपला आहे.

डिसेंबरमध्ये नेमके काय झाले? धुके नव्हते, वादळ नव्हते, संप नव्हता. वैमानिकांना विश्रांती द्यायची होती, एवढेच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या वेळेत सहापर्यंत विमाने उतरविण्याची मुभा होती, ती दोनवर आली. हे नियम त्याच वर्षी जूनमध्ये लागू व्हायचे होते. कंपन्यांनी नाके मुरडली, नियम पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले. पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला, दुसरा १ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणजे कंपनीच्या हातात जवळपास दोन वर्षे होती. दोन वर्षांत तिने पुरेशी माणसे भरली नाहीत. आपला अंदाज चुकला आणि नियोजनात त्रुटी राहिल्या, असे शेवटी कंपनीलाच कबूल करावे लागले.

ही कंपनी बुडीत होती काय? मुळीच नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिला सात हजार कोटी रुपयांहून अधिक निव्वळ नफा झाला. देशांतर्गत प्रवाशांपैकी शंभरात सुमारे पासष्ट तिच्या विमानात बसतात. म्हणजे पैसा होता, वेळ होता, माहिती होती. माणसे मात्र मोजून ठेवली होती. एकही माणूस जास्तीचा नको, एकही विमान क्षणभर रिकामे उभे नको, या हिशेबावर सगळा डोलारा उभा होता. त्यात एका बाजूने विश्रांतीचे बारा तास वाढले आणि डोलारा कोसळला.

पुढचे अधिक गंभीर आहे. गोंधळ झाल्यावर सरकारने काय केले? कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमातून काही काळ सूट दिली. आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, असे जे कलम होते ते ५ डिसेंबरला मागे घेतले, आणि तेही एका कंपनीपुरते नव्हे तर सगळ्यांसाठी. चूक केली मालकाने, विश्रांती गेली कामगाराची. नंतर कंपनीला उड्डाणे कमी करायला लावली, तिकिटांच्या दरावर मर्यादाही घातली, हे खरे. पण पहिला हात कामगाराच्या विश्रांतीवरच पडला, हे आम्ही विसरू शकत नाही.

कुणी म्हणेल, वैमानिकाला लाखो रुपये पगार असतो, त्याला कसला कामगार म्हणता? आम्ही म्हणतो, झोपेला पगार कळत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ माणसे गेली. त्यात कितीतरी आखातात राबून घरी परतणारी माणसे होती. चौकशीत निघाले की विमानाचा कॅप्टन प्रवासाचा बराच वेळ झोपला होता आणि झोपेच्या गुंगीतून बाहेर येता येता त्याने विमान उतरवायला घेतले. कॉकपिटमधल्या यंत्रावर त्याच्या घोरण्याचा आवाज मुद्रित झाला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या, बाबासाहेबांचे नाव असलेल्या विमानतळावर, एक वैमानिक उड्डाणापूर्वी दारातच कोसळला आणि मरण पावला. त्याचा मृत्यू थकव्यानेच झाला असे आम्ही म्हणत नाही, तसे सिद्ध झालेले नाही. पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर उघडपणे होऊ लागली आणि पाच महिन्यांच्या आत नवे नियम आले.

कामाच्या तासांना मर्यादा असावी ही मालकांनी दिलेली भीक नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. ज्या चळवळीचा नेता कामाच्या तासांसाठी झगडला, त्या चळवळीला वैमानिकाच्या झोपेचा प्रश्न परका वाटता कामा नये. आज वैमानिकाची विश्रांती गेली तर उद्या लोडरची, परवा एसटीच्या चालकाची जाईल. सुरुवात कुठूनही होते, शेवट मात्र खालीच होतो.

आता प्रवाशाकडे वळू. विमान कंपन्यांची काटकसर हा आजचा शोध नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा करून भाडे आणि मार्ग ठरविण्याचा सरकारी अधिकार काढून घेतला, तेव्हापासून स्पर्धा सुरू झाली. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रॅन्डॉल यांची गोष्ट त्या धंद्यात आजही सांगतात. १९८० च्या दशकात त्यांनी प्रवाशाच्या सॅलडमधले एक ऑलिव्हचे फळ कमी केले आणि वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचविले म्हणे. एका फळाने कुणाचे पोट रिकामे राहत नाही. पण फळ गेले, मग ताट गेले, मग उशी गेली, मग बॅगेचे पैसे लागले आणि शेवटी गुडघ्यापुढची जागा गेली. युरोपातील रायनएअरने २००४ मध्ये मागे न झुकणाऱ्या आणि कप्पा नसलेल्या सीटची विमाने मागविली. कप्पा नसला की त्यात कचरा साचत नाही, कचरा नसला की साफसफाईचा वेळ वाचतो. एवढा बारीक हिशेब असतो.

आपल्याकडे १९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना दार मोकळे झाले. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. पहिले विमान हुबळी ते बंगळूर धावले. जेवण नाही, लाड नाहीत, तिकीट स्वस्त. काही तिकिटे तर एका रुपयाला विकली. इथे आम्ही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. त्याआधी विमान हे साहेबांचे, शेटजींचे आणि मंत्र्यांचे वाहन होते. सरकारी कंपनीच्या विमानात जेवण गरम मिळत असेल, पण ते खायला आपला माणूस तिथे नव्हता. स्वस्त तिकिटाने ते दार किलकिले केले. म्हणून 'जुने दिवस किती चांगले होते' असे गळे काढणाऱ्यांत आम्ही नाही. ज्यांना गर्दी नको आहे त्यांचे ते रडणे आहे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांतून सुमारे १६ कोटी प्रवास झाले. ही गर्दी आम्हाला हवी आहे.

प्रश्न वेगळा आहे. स्वस्त तिकिटाची किंमत कोण मोजतो? एअरबस ए-३२० या विमानाचे उदाहरण घ्या. दोन वर्गांची मांडणी केली तर त्यात साधारण दीडशे सीट बसतात. तेवढ्याच लांबीत एकच वर्ग करून १८० बसवतात, काही ठिकाणी १८६. विमान लांब होत नाही, माणूस आखूड होतो. अमेरिकेतील एका अपील न्यायालयात २०१७ साली हा प्रश्न गेला. तिथे सांगण्यात आले की दोन रांगांमधले अंतर पूर्वी सरासरी ३५ इंच होते, ते ३१ वर आले आणि काही कंपन्यांत २८ वर. न्यायालयाने तिथल्या नियामक संस्थेला याचा पुन्हा विचार करायला सांगितले. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला की सीटचे किमान माप वर्षभरात ठरवा. २०२२ साल उजाडले तरी ती संस्था लोकांची मते मागवत होती, माप ठरलेले नव्हते. मालकांचा दबाव काय असतो हे यावरून कळावे.

हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. विमानाला परवाना देताना अट असते की अर्धे दरवाजे बंद असले तरी सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. ज्या रांगेतून धडधाकट माणसाला सरळ उभे राहता येत नाही, तिथून सत्तर वर्षांची म्हातारी, पोटुशी बाई, कुबड्या घेतलेला माणूस ९० सेकंदांत कसा निघणार?

गेल्या वर्षी आम्ही नागपूरहून मुंबईला विमानाने आलो. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरचे दिवस होते. आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. नोकरीला लागलेल्या नातीने त्यांना पहिल्यांदाच विमानात बसविले होते. नात चार रांगा मागे बसली होती. शेजारी-शेजारी बसायचे तर सीट निवडण्याचे वेगळे पैसे मागितले, म्हणून. आजींचे गुडघे धरलेले. पुढच्या सीटला टेकले की त्या कण्हत. तहान लागली तर त्यांनी पाणी मागितले नाही. आम्ही विचारले, 'आजी, पाणी का घेत नाही?' त्या म्हणाल्या, 'नको बाबा, त्याचेबी पैसे लावतील.' पाणी फुकट होते. पण ज्याचे सगळ्याचे पैसे लागतात तिथे गरिबाला फुकटच्या वस्तूचीही भीती वाटते. नातीने आजीला मानाने बसविले होते, आणि आजी चोरासारखी अंग चोरून बसली होती. आम्ही आमची जागा नातीला दिली आणि मागे जाऊन बसलो. कंपनीला हे दोन मिनिटांत करता आले असते. केले नाही, कारण जवळ बसणे ही आता विकायची वस्तू झाली आहे.

या विकण्याच्या पद्धतीकडे नीट पाहा. आधी सगळ्यांना मिळणारी वस्तू काढून घ्यायची आणि मग तीच किंमत लावून परत द्यायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने ऑनलाइन चेक-इन करताना सर्वच सीटना पैसे लावले, तेव्हा ओरड झाली आणि मंत्रालयाला त्यात लक्ष घालतो असे म्हणावे लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएने बॅगेविना प्रवास करणाऱ्यासाठी वेगळे स्वस्त तिकीट काढायला परवानगी दिली. ऐकायला छान. पण गावाहून लेकीकडे निघालेली आई बॅगेविना जाते काय? तिच्या पिशवीत तांदूळ असतात, लोणच्याची बरणी असते. हलक्या हाताने फिरतो तो साहेब. ओझे असते ते गरिबाकडे. दंड ओझ्याला आहे.

ही युक्ती फार जुनी आहे. १८४९ मध्ये ज्यूल द्युप्युई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेबद्दल एक मर्मभेदी गोष्ट लिहून ठेवली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, ते काही छपराचे पैसे वाचविण्यासाठी नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, त्याला धाक बसावा, म्हणून गरिबाला उन्हा-पावसात बसवायचे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे खालच्याचे हाल हा काटकसरीचा अपघात नसतो. खालच्याचे हाल ही वरच्या वर्गाची जाहिरात असते. पुढच्या रांगेतल्या रुंद सीटचे जादा पैसे कुणी का द्यावेत? मागे काय होते ते त्याने पाहिलेले असते म्हणून.

आमच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. बाबासाहेबांनी या समाजरचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून प्रत्येकजण आपल्या पायरीला चिकटून बसतो. विमानातली उतरंड पैशाची आहे, जातीची नाही. पैसा आला की माणूस पुढच्या रांगेत बसू शकतो, जात मात्र पैशाने जात नाही. दोन्हींची गल्लत आम्ही करणार नाही. पण भाषा कशी सरकते ते पाहा. २००९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी विमानातल्या साध्या वर्गाला 'कॅटल क्लास' म्हटले. गुरांचा वर्ग. तो शब्द एका पत्रकाराने प्रश्नात वापरला होता, मंत्र्यांनी तो विनोदाने उचलला. नंतर खुलासे झाले, पंतप्रधानांनीही तो विनोद होता असे सांगितले. पण ज्यांना या देशात पिढ्यान्‌पिढ्या गुरांपेक्षा हीन वागविले, ज्यांना पाणवठ्यावर गुरे चालत पण माणसे चालत नव्हती, त्यांना हा विनोद कसा वाटावा? साध्या तिकिटावर बसणारा माणूस गुरे कसा झाला? ज्या दिवशी त्याला बसायची जागा गुरांइतकी ठेवली, त्या दिवशीच तो शब्द तयार झाला.

जो सर्वात दुबळा त्याला सर्वात जास्त त्रास, हा तर काटकसरीचा नियमच आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्यातील परिषदेला निघालेल्या एका अपंग कार्यकर्तीला सीटवर बसल्यानंतर विमानातून खाली उतरविले. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. मे २०१६ मध्ये न्यायालयाने तिला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काची कंपनीला आठवण करून दिली. धावत्या वेळापत्रकात अपंग माणूस म्हणजे खोळंबा, असे जिथे वाटू लागते तिथे माणुसकीलाच काट लागलेली असते.

बायकांनाही या हिशेबाने सोडले नाही. २०१३ मध्ये गो-एअरने विमानात सेवेसाठी यापुढे फक्त मुलीच घेऊ असे जाहीर केले. कारण काय? बायकांचे वजन कमी, म्हणून इंधन कमी लागते. समानता म्हणून नाही, आदर म्हणून नाही. तराजूवर तोलून! आणि दोन उड्डाणांच्या मधल्या अर्ध्या तासात सीटवरचा कचरा वेचण्याचे कामही स्वस्त विमानांत याच मुलींच्या अंगावर येते. एवढे करून ती कंपनी वाचली का? नाही. मे २०२३ मध्ये तिची विमाने बंद पडली.

आता विमानाच्या खाली उतरू. १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिन्याला जे घडले ते प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. विमानतळावर बॅगा चढविण्या-उतरविण्याची, सफाईची कामे करण्यासाठी २,२१६ जागांची भरती होती. पगार महिना वीस-पंचवीस हजारांच्या आसपास, तोही मुदतीच्या करारावर. हजारो तरुण आले. गावोगावाहून रात्रीच्या गाड्यांनी आले. त्यात पदवीधर होते. चेंगराचेंगरीची वेळ आली तेव्हा अर्ज टाकून घरी जा, असे त्यांना सांगण्यात आले. विमानाच्या स्वस्त तिकिटामागे हा स्वस्त हात आहे. हात जितके जास्त आणि लाचार तितकी मजुरी कमी. बेकारी ही काही मालकांची अडचण नाही, ती त्यांची सोय आहे.

आणि एकेकाळी याच क्षेत्रात आपल्यासाठी काय होते? एअर इंडिया सरकारी असताना तिथल्या भरतीला आरक्षण लागू होते. तिथे आपली माणसे तंत्रज्ञ झाली, कारकून झाली, अधिकारी झाली. लोडर म्हणून लागलेल्या बापाला कायम नोकरी, निवृत्तीचे लाभ आणि राहायला घर मिळाले म्हणून त्याची मुले शिकली. २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी टाटा समूहाच्या ताब्यात गेली. सौदा १८ हजार कोटींचा, त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकी कर्ज. सुमारे बारा हजार कर्मचाऱ्यांना एक वर्ष काढणार नाही, एवढे अभय मिळाले. आरक्षणाला मात्र एक दिवसाचेही अभय नव्हते. खाजगी झाली की संविधानाचे कलम १६(४) दाराबाहेर राहते. कंपनी तोट्यात होती हे आम्हाला माहीत आहे. पण ती लोडरच्या पगाराने तोट्यात गेली की मंत्र्यांच्या निर्णयांनी, याचा हिशेब कुणी दिला? २००४ च्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातील आरक्षणावर चर्चेचे आश्वासन होते. तेव्हापासून सरकारे आली आणि गेली, चर्चा तिथेच आहे.

आता मालकांचा ठरलेला युक्तिवाद. ते म्हणतात, खर्च कापला नाही तर भाडे वाढेल आणि गरीबच विमानाबाहेर जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे काय? थोडे आहे. इंधनच खर्चाचा तिसरा हिस्सा आणि अधिक खाते, त्यावर राज्यांचा कर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई-पुण्यातला हा कर २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. तासाभराच्या प्रवासात जेवण नसले तर आम्ही तक्रार करणार नाही, डबा घरून आणू. ज्याला हवे त्याने विकत घ्यावे, ही काटकसर प्रवाशाच्या संमतीची आहे. पण वैमानिकाची झोप, लोडरची कायम नोकरी, म्हातारीच्या गुडघ्याची जागा, अपंगाची मदत ही काटकसर कुणाच्या संमतीने झाली? जिथे नाही म्हणण्याची ताकद नाही तिथेच कात्री चालते. एकीला काटकसर म्हणावे, दुसरीला लूट.

शिवाय वाचलेला पैसा गरिबाच्या तिकिटात उतरतो, हेही अर्धसत्य आहे. स्पर्धा असते तोवर उतरतो. एअर डेक्कन किंगफिशरने गिळली. किंगफिशर २०१२ मध्ये कामगारांचे पगार थकवून बंद पडली. जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. आता इंडिगो आणि एअर इंडिया या दोन घराण्यांकडे मिळून दहापैकी नऊ प्रवासी आहेत. याला बाजार म्हणायचे की मक्तेदारी? डिसेंबरमध्ये एका घराण्याची विमाने थांबली तेव्हा बाकीच्यांची तिकिटे अशी कडाडली की ६ डिसेंबरला सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि लांबच्या प्रवासाला जास्तीत जास्त १८,००० रुपये अशी मर्यादा घालावी लागली. खर्च कापताना गरिबाचे नाव आणि दर वाढविताना बाजाराचे नाव!

हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसेल, अशी घोषणा 'उडान' योजनेच्या वेळी झाली. २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली विमानाबरोबरच नांदेड-हैदराबादचेही उद्‌घाटन झाले. तासाभराच्या प्रवासाला काही जागा अडीच हजारांत मिळणार होत्या. नांदेडची माणसे हरखली. पुढे महालेखापालांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. तीन वर्षांची सवलत संपल्यानंतरही टिकले ते फक्त ५४. चप्पल राहिली, जहाज उडून गेले. आणि ज्या डीजीसीएने या सगळ्यांवर लक्ष ठेवायचे, तिथल्याच जवळपास निम्म्या जागा रिकाम्या असल्याचे संसदेच्या समितीने २०२५ मध्ये दाखवून दिले. काटकसर पहारेकऱ्यातही झाली.

मग मागायचे काय? दोन रांगांमधले किमान अंतर कायद्याने ठरवा. विश्रांतीच्या नियमांना सूट देण्याचा अधिकार काढून घ्या. म्हातारी माणसे, लहान मुले आणि अपंग यांच्याजवळ सोबत्याला फुकट जागा द्या. विमानतळाची जमीन जनतेची आहे, गावे उठवून घेतलेली आहे, तेव्हा तिथल्या प्रत्येक कंत्राटात कायम कामगार आणि आरक्षण यांची अट घाला. आमच्या खासदार-आमदारांनी हे प्रश्न सभागृहात विचारावेत आणि आमच्या कामगार संघटनांनी विमानतळाच्या दाराबाहेर नव्हे, आत शाखा काढाव्यात.

आणि वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. कंपनीच्या चुकीने विमान रद्द झाले आणि वेळेत कळविले नाही, तर तिकिटाच्या पैशांखेरीज प्रवासाच्या वेळेप्रमाणे पाच, साडेसात किंवा दहा हजारांपर्यंत भरपाईचा नियम आहे. उड्डाण लांबले तर खाणे-पाणी द्यावे लागते. तिकीट, बोर्डिंग पास आणि आलेला संदेश जपून ठेवा, लेखी तक्रार करा, सरकारच्या एअरसेवा या व्यवस्थेकडे करा. हक्क कागदावर असतात, ते मागणाऱ्यालाच मिळतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मुंबईला उतरल्यावर त्या आजी चाकांच्या खुर्चीची वाट पाहत अर्धा तास उभ्या होत्या. खुर्च्या कमी होत्या, ढकलणारे त्याहून कमी. शेवटी एक पोरगा धावत आला. सकाळपासून त्याने जेवण केले नव्हते. आजींच्या गळ्यातली निळी फीत पाहून तो हळूच 'जय भीम, आजी' म्हणाला आणि खुर्ची ढकलू लागला. आजींनी पिशवीतली भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. कंपनीने दोघांच्याही तोंडचे काढून घेतले होते. दोघांनी एकमेकांना ओळखले, एवढेच त्या दिवशी झाले. ती ओळख संघटनेत उतरेल तेव्हा कात्री धरणारा हात थांबेल, तोपर्यंत थांबणार नाही.